आधी मागचा लाल दिवा



खेळण्यातल्या छोट्या गाडीला खरोखर पेटणारे दिवे बसवायचे, हा आजचा विषय. वाचून काही जण म्हणतील, प्राथमिकच्या मास्तरला हे काय नवीन खूळ? आधीच ऑनलाइन माहिती भरून जीव मेटाकुटीला आलेला असतो. तरी पाच-दहा मिनिटं काढून वाचा. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. चौथी ते सातवीतल्या प्रत्येक मुला-मुलीने एकदा तरी स्वतःच्या हाताने एखाद्या खेळण्यातल्या गाडीला दिवे जोडले पाहिजेत. आणि जोडताना पुढचा पांढरा दिवा नंतर, मागचा लाल दिवा आधी. असं का, ते पुढे सांगतो.

दिव्याची गाडी मिळते की बाजारात!

हो, मिळते. जत्रेत मिळते, आठवडे बाजारात मिळते. बटण दाबलं की सगळे दिवे एकदम लखलखतात, वर गाणंही वाजतं. मूल दोन दिवस खेळतं, तिसऱ्या दिवशी गाडी बंद पडते. मग ती माळ्यावर तरी जाते नाहीतर उकिरड्यावर. त्या दोन दिवसांत मूल काय शिकलं? बटण दाबलं की दिवा लागतो, एवढंच. दिवा का लागला आणि नंतर का बंद पडला, हे गाडीच्या पोटातच राहिलं.

आता दुसरी गोष्ट बघा. 'स्लॉट कार' नावाचा एक खेळ आहे. प्लॅस्टिकच्या ट्रॅकला मधोमध एक खाच असते. गाडीच्या पोटाखालची खुंटी त्या खाचेतून धावते. खाचेच्या दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या असतात, त्यांतून गाडीला वीज मिळते. हातातल्या कंट्रोलरने वीज कमी-जास्त केली की गाडी हळू किंवा जोरात पळते. इंग्लंडमध्ये फ्रेड फ्रान्सिस यांनी १९५७ मध्ये 'स्केलेक्स्ट्रिक' नावाने हा खेळ आणला आणि जगभर त्याचे शौकीन तयार झाले. फ्रान्समधली ल मान्सची शर्यत सलग २४ तास, म्हणजे रात्रीही चालते. तशी शर्यत घरात खेळायची म्हणून हे शौकीन खोलीतला दिवा घालवतात आणि करंगळीएवढ्या गाड्यांना हेडलाइट, टेललाइट बसवतात. पूर्वी त्यासाठी अगदी बारीक बल्ब मिळायचे. गव्हाच्या दाण्याएवढे असायचे, म्हणून त्यांचं नावच 'गव्हाचा दाणा' पडलं होतं. आता तीळ बरा म्हणावा एवढे एलईडी मिळतात.

मला या खेळात रस वाटतो तो त्यांच्या एका अडचणीमुळे. गाडीचे दिवे ट्रॅकमधल्याच विजेवर चालतात. वळणावर कंट्रोलर सोडला की वीज कमी होते आणि दिवे मंदावतात किंवा जातातच. तुमच्या-माझ्या घरातल्या मोठ्या माणसांना ही अडचण विचारून बघा, लगेच ओळखतील. डायनामोच्या सायकलचं असंच व्हायचं. पायडल मारतोय तोवर उजेड, सायकल थांबली की अंधार. नेमकं चौकात थांबल्यावर, जेव्हा मागून येणाऱ्याला आपण दिसायला हवं, तेव्हाच दिवा गेलेला.

या शौकिनांनी त्यावर तोड काढली ती कपॅसिटरची. कपॅसिटर म्हणजे विजेची छोटी टाकी समजा. आपल्याकडे नळाला पाणी रोज कुठे येतं? पण टाकी भरलेली असली की तोटी सोडली की पाणी येतं. तसंच ट्रॅकमधली वीज गेली तरी काही क्षण कपॅसिटरमधल्या विजेवर दिवा टिकतो. मात्र टाकीतली वीज उलटी मोटारीत जाऊन संपू नये म्हणून मध्ये एक डायोड लावावा लागतो. डायोड म्हणजे आपल्या विहिरीच्या मोटारीचा फुटव्हॉल्व्ह! एका बाजूने जाऊ देतो, उलट येऊ देत नाही. शेतकऱ्याच्या पाचवीतल्या पोराला फुटव्हॉल्व्ह समजावून सांगावा लागत नाही, तोच आपल्याला सांगतो. असं असताना डायोडची व्याख्या पाठ करून घ्यायची गरजच काय?

आपल्या वर्गात काय करता येईल

स्लॉट कारचा ट्रॅक महाग असतो आणि आपल्याला त्याची गरजही नाही. मुलांकडे घरी मोडका ट्रॅक्टर असतो, चाक निखळलेली जीप असते. काहीच नसेल तर काड्यापेटी, पुठ्ठा, बाटलीची झाकणं, जुन्या चपलेची कापलेली चाकं, ज्वारीच्या चिपाडाची बैलगाडी. चिपाडाच्या गाड्या करणारे आजोबा अजून बऱ्याच गावांत आहेत. त्यांना एक दिवस कार्यानुभवाच्या तासाला शाळेत बोलवा.

साहित्य असं: तीन पेन्सिल सेल, तीन मिलिमीटरचे दोन लाल आणि दोन पांढरे एलईडी, रेझिस्टन्स, बारीक वायर, चिकटपट्टी. तालुक्याच्या ठिकाणी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सगळं मिळतं. एलईडी आणि रेझिस्टन्स अगदी स्वस्त असतात. दिवाळीतल्या बंद पडलेल्या माळेतले एलईडीही कापून घेता येतात. फक्त ते काम मोठ्यांनी करायचं आणि ती माळ परत कधीच घरच्या विजेला लावायची नाही.

हिशोब सोपा आहे. तीन सेल मिळून ४.५ व्होल्ट. लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट लागतात, पांढऱ्याला साधारण ३. उरलेले व्होल्ट रेझिस्टन्सने अडवायचे. प्रत्येक दिव्यातून १० मिलिअँपिअर, म्हणजे अँपिअरचा शंभरावा भाग एवढा प्रवाह पुरतो. लाल दिव्यासाठी ४.५ वजा २ म्हणजे २.५ व्होल्ट, गुणिले १००, उत्तर २५० ओहम. दुकानात २७० ओहमचा रेझिस्टन्स सहज मिळतो, तो चालतो. त्याच्यावर तांबडा, जांभळा, तपकिरी असे पट्टे असतात. पांढऱ्यासाठी ४.५ वजा ३ म्हणजे १.५ व्होल्ट, उत्तर १५० ओहम. त्याचे पट्टे तपकिरी, हिरवा, तपकिरी. दशांश अपूर्णांकाची वजाबाकी आणि शंभराने गुणाकार, दोन्ही पाचवीच्या मुलाच्या आवाक्यातले आहेत. गंमत म्हणजे उत्तर चुकलं की आपल्याला लाल पेनने खूण करावी लागत नाही, दिवाच सांगतो.

एलईडीचा लांब पाय धन बाजूला, आखूड पाय ऋण बाजूला. उलटा जोडला की पेटत नाही. हे सुरुवातीला सांगू नका. दोन्हीकडून जोडून बघू द्या, मुलं स्वतः शोधतात.

यात एक कोडंही आहे, ते मला फार आवडतं. एक लाल आणि एक पांढरा एलईडी शेजारी-शेजारी, समांतर जोडायचे आणि दोघांना मिळून एकच रेझिस्टन्स द्यायचा. काय होतं? लाल पेटतो, पांढरा ढिम्म. सगळा वर्ग एका सुरात म्हणतो, "सर, पांढरा गेलेला आहे!" मग काही न बोलता लाल दिवा काढायचा. त्याच क्षणी पांढरा लख्ख पेटतो. मुलांचे चेहरे तेव्हा बघण्यासारखे असतात.

कारण असं आहे. पाझर तलावाची खालची मोरी उघडी असेल तर पाणी वरच्या सांडव्यापर्यंत चढतच नाही. लाल दिव्याची मोरी २ व्होल्टला उघडते, पांढऱ्याची ३ व्होल्टला. लाल सगळा प्रवाह ओढून घेतो, व्होल्टेज ३ पर्यंत जातच नाही. उपाय एकच, प्रत्येक दिव्याला आपला आपला रेझिस्टन्स द्यायचा.

मोठ्या मुलांना यातून थोडा इतिहासही सांगता येतो. डोळ्यांना दिसणारा लाल उजेड देणारा एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये करून दाखवला. पांढरा मात्र किती तरी वर्षं जमत नव्हता, कारण त्यासाठी आधी निळा एलईडी हवा होता. तो बनवणाऱ्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या पोरांच्या पुठ्ठ्याच्या गाडीचा हेडलाइट म्हणजे त्याच शोधाचा एक तुकडा आहे.

मागचा दिवा आधी का?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मुलांना दिवे दिले की ती हमखास पुढचे दिवे आधी लावतात. हेडलाइटमध्ये ऐट असते, मागच्या दिव्याकडे कुणाचं लक्ष नसतं. तिथेच थांबवून विचारायचं: पुढचा दिवा कशासाठी? उत्तर येतं, आपल्याला रस्ता दिसावा म्हणून. मग मागचा कशासाठी? थोडा वेळ शांतता. मग कोणीतरी म्हणतं, मागच्याला आपण दिसावं म्हणून.

पुढच्या दिव्याने आपली सोय होते. मागचा दिवा आपल्याला स्वतःला दिसतसुद्धा नाही. तो दुसऱ्यासाठी असतो, आणि म्हणूनच तो बंद पडला तर चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही.

आपला जिल्हा उसाचा. प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिल्यापासून इथल्या कित्येक पिढ्या गाळप हंगामावर जगल्या. दिवाळीच्या आगेमागे हंगाम सुरू होतो आणि राहुरी, श्रीरामपूर, नेवासा, राहाता, कोपरगाव, संगमनेर कुठेही जा, संध्याकाळनंतर रस्त्यावर उसाच्या गाड्या असतात. एका ट्रॅक्टरला मागे दोन-दोन ट्रॉल्या. मोळ्या बाहेर आलेल्या. बऱ्याच ट्रॉल्यांच्या मागे ना दिवा, ना रेडियम. मागून मोटारसायकलवर येणाऱ्याला समोर फक्त काळोख दिसतो आणि मग एकदम ऊस दिसतो. हंगामात अशा अपघातांच्या बातम्या आपण सगळेच वाचतो. माझ्या वर्गातल्या मुलांचे वडील, काका, मामा याच रस्त्याने कामावरून परत येतात. काहींचे वडील तोच ट्रॅक्टर चालवतात.

म्हणून मी म्हणतो, गाडी करायची तर रेसची कशाला? ट्रॅक्टर-ट्रॉली करा. सेल ट्रॅक्टरमध्ये ठेवायचे आणि लाल दिवे ट्रॉलीच्या मागे. म्हणजे वायर हुकावरून पुढून मागे न्यावी लागते. ती ताणून बसवली तर पहिल्या वळणावर निसटते आणि दिवा जातो. मुलं मग वायरला थोडी ढील ठेवायला शिकतात. ट्रॉली सोडवता यावी म्हणून मध्ये काढता-घालता येणारा जोड करतात. आणि मग कोणीतरी विचारतं, "सर, आमच्या खऱ्या ट्रॉलीची पिन कोणी लावतच नाही, म्हणून ती अंधारी असते का?" बरोबर. खऱ्या ट्रॉलीचा मागचा दिवाही ट्रॅक्टरच्याच विजेवर चालतो. वायर तुटली, पिन जोडायची राहिली की संपलं. हा प्रश्न भाषण देऊन पडत नाही, हाताने वायर जोडल्यावर पडतो.

यात गणितही येतं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे मोटार वाहनाचा मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसायला हवा. ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. म्हणजे १५५ मीटरवरून दिवा दिसला तर नऊ सेकंद हाताशी असतात. अंधारी ट्रॉली ३० मीटरवर आल्यावर दिसली तर दोन सेकंदसुद्धा मिळत नाहीत. हा भागाकार मुलांकडून फळ्यावर करून घ्या, तो विसरत नाहीत.

पुढे प्रमाण शिकवा. खरा ट्रॅक्टर साधारण साडेतीन मीटरचा, खेळण्यातला ११ सेंटिमीटरचा असेल तर प्रमाण झालं जवळपास १:३२. बऱ्याच स्लॉट कारही याच मापाच्या असतात. मग १५५ मीटर भागिले ३२, म्हणजे पाच मीटरला थोडंसं कमी. एवढी तर आपली वर्गखोली असते! खिडक्या-दारं लावून अंधार करा, एका भिंतीशी ट्रॉली ठेवा, पाच मीटरवर मुलांना बसवा. दिवा दिसतो? आता दिवा काढा. आता? इथे एक गोष्ट मुलांना सांगून ठेवा की हे अंतराचं चित्र आहे, उजेडाची खरी परीक्षा नाही. पण कल्पना यायला पुरे.

टायरगाडीचं काय?

वर्गातलं एखादं मूल म्हणेल, आमच्याकडे ट्रॅक्टर नाही, बैलाची टायरगाडी आहे. पाथर्डी, जामखेड भागातून किती तरी कुटुंबं ऊसतोडीला जातात. त्यांच्या गाडीला बॅटरी नसते. तिथे दिवा कसा लावणार?

तिथे रेडियमचा तुकडा. चिपाडाच्या बैलगाडीच्या मागे रेडियमची छोटी पट्टी चिकटवा. अंधारात टॉर्च डोळ्याजवळ, गालाला लावून धरा आणि गाडीकडे मारा, पट्टी झगमगते. आता टॉर्च एका मुलाने धरायचा आणि दुसऱ्याने दोन-तीन हात बाजूला उभं राहून बघायचं, पट्टी मंद दिसते. म्हणजे रेडियम स्वतः उजेड देत नाही, ज्या दिशेने उजेड आला त्याच दिशेला परत पाठवतं. म्हणून ज्याच्या गाडीचा हेडलाइट आहे त्यालाच ते चमकताना दिसतं. आणि पट्टी चिखलाने माखली किंवा मोळीखाली झाकली गेली की उपयोग शून्य. ती गाडीच्या कोणत्या भागावर लावायची, हे मुलं स्वतः ठरवतात. स्थलांतर करणाऱ्या पालकांच्या मुलाला या तासाला सगळ्यांत जास्त माहिती असते. एरवी मागच्या रांगेत गप्प बसणारं ते मूल त्या दिवशी वर्गाला शिकवतं.

नेहमीचे आक्षेप

"अभ्यासक्रम कधी संपवायचा?" वर बघा ना: दशांश, भागाकार, गुणोत्तर, परिपथ, प्रकाशाचं परावर्तन, रस्ता सुरक्षा. एका ट्रॉलीत सगळं बसलं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सुद्धा खेळातून, हाताने करून शिकण्यावर भर देतं.

"धोका आहे." खबरदारी घेतली तर नाही. नियम ठरवून घ्या. घरच्या विजेला हात नाही. जुन्या मोबाइलची बॅटरी वापरायची नाही. घड्याळात असतो तो चपटा बटण सेल लहान मुलांच्या हाती अजिबात द्यायचा नाही. तो गिळला गेला तर अन्ननलिका दोन तासांतसुद्धा भाजू शकते, अशा वेळी क्षणाचाही उशीर न करता दवाखाना गाठायचा. सोल्डरिंग फक्त मोठ्यांनी करायचं. मुलांनी वायर पिळून चिकटपट्टी लावली तरी दिवा पेटतो.

"गाड्या म्हणजे पोरांचा खेळ." हे कृपा करून वर्गात म्हणू नका. बारीक वायर नीट वळवणं, पट्ट्यांचे रंग ओळखणं, चिकाटीने पुन्हा जोडणं यांत मुली कुठेही मागे नसतात. गटात वायर मुलाच्या हाती आणि वही मुलीच्या हाती, अशी वाटणी आपोआप होते. ती मोडायचं काम आपलं.

"प्रदर्शनासाठी तयार प्रोजेक्ट मिळतो." मिळतो, आणि पालक रात्री नऊला जाऊन घेऊनही येतात. पालकहो, तेवढ्याच पैशांत सुटं साहित्य येतं. मुलाची ट्रॉली वाकडी होईल, एक दिवा बंद राहील, नंबर येणार नाही कदाचित. पण परीक्षकाने "हा दिवा का पेटत नाही?" विचारलं तर तुमचं मूल उत्तर देईल. तयार मॉडेलवालं तुमच्या तोंडाकडे बघेल.

पुण्यात टेल्कोमध्ये ट्रक बनवण्याच्या कारखान्यात काम केलेले अरविंद गुप्ता १९७८ मध्ये होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि आगपेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबमधून विज्ञान शिकवू लागले. पुढे पुण्याच्या आयुकामधल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंपासून ढीगभर खेळणी केली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वाहनांवर संशोधन करणारी डीआरडीओची मोठी संस्था तर आपल्या नगरजवळच आहे. तिथे जाणारं मूल आपल्या झेडपीच्या शाळेतूनही निघू शकतं, पण त्याच्या हातात आधी वायर तर पडली पाहिजे.

तर शिक्षकांनो, यंदा गाळप सुरू व्हायच्या आत कार्यानुभवाचे तीन-चार तास या ट्रॉलीला द्या. पहिल्या तासाला लाल दिवा, पांढरा पुढच्या आठवड्यात. आणि पालकहो, मुलाची छोटी ट्रॉली पेटली की त्याला घेऊन अंगणातल्या मोठ्या ट्रॉलीच्या मागे जा. दिवा लागतो का, पिन जोडलेली आहे का, रेडियम पुसलेलं आहे का, ते त्यालाच तपासू द्या. तुमची स्वतःची ट्रॉली नसेल तर मोटारसायकलचा मागचा दिवा तपासा. तो आपल्याला चालवताना कधीच दिसत नाही.